मनाचा नकाशा

शेताच्या नकाशांत बांध, विहीर, वहिवाटीची वाट हीं सर्व दिसतात. परंतु त्या शेताचा धनी एखादी सुधारणा कां नाकारतो, हें त्यांत सांपडत नाहीं. त्याकरितां मनाचाच नकाशा काढण्याची रीत कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे तत्त्ववेत्ते पॉल थॅगार्ड यांनीं २०१० च्या सुमारास मांडली.

कृति सोपी आहे. कागदाच्या मध्यभागीं विषय लिहावा व भोंवतीं त्या माणसास जें जें सुचेल तें मांडावें. हवेसें वाटेल तें हिरव्या लंबवर्तुळांत, नकोसें तें तांबड्या षट्कोनांत, ज्याविषयीं कांहींच वाटत नाहीं तें पिवळ्या चौकोनांत. जें हवेंही व नकोही, त्यास जांभळा रंग. भावना तीव्र असेल तितकी कड जाड. एकमेकांस पोषक गोष्टी सलग रेघेनें, विरोधी गोष्टी तुटक रेघेनें जोडाव्या.

समजा, एका बागाईतदारास विचारलें, "उंसाला ठिबक बसवाल काय?" तो म्हणाला, "नको." पाहणी करणारा 'अज्ञान' असा शेरा मारून मोकळा होतो. आतां त्याचाच नकाशा पाहूं. 'पाण्याची बचत' हिरवी आहे. म्हणजे अज्ञान नाहीं. 'कर्ज' तांबडें, पण कड बारीक. 'सामाईक विहीर' मात्र जांभळी: पाणी तिचेंच, आणि भावकीचा तंटाही तिचाच. ठिबकास थोडें थोडें पाणी वरचेवर लागतें. याची पाळी येते आठव्या दिवशीं! 'ठिबक' व 'पाळी' यांमध्यें तुटक रेघ पडली, तेथें खरा अडसर आहे. त्यावर व्याख्यानाचा उपयोग नाहीं. पाळी बदलण्याविषयीं भाऊबंदांशीं बोलणें हाच उपाय.

घरच्या बाईंचा नकाशा निराळा काढावा. त्यांत 'खुरपणी' ठळक तांबडी निघेल, आणि ठिबकानें तण कमी होतें म्हणून ठिबक हिरवें. धन्याच्या कागदावर खुरपणीचा शब्दही नसावयाचा.

रंग मात्र ज्याचा त्यानें द्यावा. लेखणी धरणाऱ्या शिकलेल्या माणसास कर्ज तांबडेंच दिसतें. वेळेवर मिळालेल्या कर्जानें ज्याचें पीक तगलें, तो त्यास हिरवें म्हणेल. शिवाय दहा नकाशांवरून गांवाचें मत मोजूं नये. त्यास शिरगणतीच हवी. काढलेला कागद त्या माणसास वाचून दाखवावा, व तो सांगेल तेथें खोडावें. म्हणून प्रथम पेन्सिलीनेंच काढलेला बरा.