कोऱ्या लाकडाचा उजेड

लाकडावर जाळून काढलेलं व्यक्तिचित्र फसलं की दोष हाताला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा हाताचा त्यात काही संबंध नसतो. फळी आणि मूळ चित्र निवडलं तेव्हाच ते फसलेलं असतं. तैलरंगात चूक झाली तर वरून पांढरा रंग चढवता येतो. इथे पांढरा रंगच नाही. कपाळावरची चमक, नाकाचा शेंडा, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, हे सगळं म्हणजे न जाळलेलं कोरं लाकूड. तापलेल्या टोकाने आपण फक्त काळोख भरत जातो. ब्लेडने खरवडून थोडी छटा परत मिळवता येते, पण तिथला पृष्ठभाग दबतो आणि बाजूने उजेड पडला की तो खड्डा सगळ्यांत आधी दिसतो. चित्रात किती छटा मिळणार याची वरची मर्यादा लाकडाचा स्वतःचा रंग ठरवतो.

म्हणूनच शिरूर-दौंडकडच्या नवशिक्यांनी हाताशी आहे म्हणून बाभूळ घेऊ नये. घोड आणि भीमेच्या खोऱ्यात ती मुबलक आहे, टिकाऊ आहे, औतांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली आहे. पण तिचा गाभा लालसर तपकिरी आणि कठीण. सर्वांत उजळ छटाच मुळात मध्यम गडद असेल, तर शिवाजी महाराजांची दाढी आणि गालाखालची सावली वेगळी राहणार कशी? ‘कसलेला माणूस कुठल्याही लाकडावर काढतो’ असं यावर म्हटलं जातं. ते खरं आहे, पण कसलेला माणूस बाभळीवर ठसठशीत रेघांचं चित्र काढतो, मऊ छटांचा चेहरा काढायला जात नाही.

दुसरा मोह पाइनचा. रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींत माल पाइनच्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतो-जातो, आणि त्या फळ्या पुढे भंगारात स्वस्त मिळतात. रंग फिका, त्यामुळे छान वाटतात. मात्र पाइनमध्ये मऊ फिकट पट्टा आणि कठीण, राळेचा गडद पट्टा आलटून पालटून येतो. टोक मऊ पट्ट्यात रुततं, कठीण पट्ट्यावर अडतं, आणि गालावरची सलग छटा पट्टेरी होते. त्याहून गंभीर गोष्ट शिक्क्याची. अशा लाकडावर ‘एचटी’ असेल तर किडीसाठी उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबीची फळी या कामात आणूच नये. शिक्का नसलेली किंवा तेलकट डाग पडलेलीही नको, कारण तिच्यावर काय सांडलं होतं ते कळायला मार्ग नाही. प्लायवूड आणि एमडीएफ जाळताना डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. या कामात नाक फळीपासून वीतभर अंतरावर असतं, हे विसरू नये. जाळण्यासाठी जुनं सोल्डरिंग आयर्न वापरलं तर त्याच्या बिटावर शिसं मिसळलेलं कथील चिकटलेलं असतं, म्हणून बीटही नवाच घ्यावा. एवढा खर्च करायचाच तर वखारीतून वाळलेली, पॉलिश न केलेली शिवणीची फळी आणावी. ती फिकी, हलकी आणि बरीचशी एकसारखी असते.

आता मूळ चित्र. राजा रविवर्म्याची चित्रं सर्वांना हवी असतात, पण त्यांचा बराचसा जीव रंगांच्या विरोधात आहे. लाल लुगडं आणि हिरवी झाडी डोळ्यांना वेगळी दिसतात. तपकिरीत दोन्ही एकच होतात. ‘हंस-दमयंती’ मात्र निभावते, कारण हंस पांढरा आहे आणि त्याच्यासाठी लाकूड कोरं सोडता येतं. त्याहून उत्तम उदाहरण सावळाराम हळदणकरांच्या दिवा हाती धरलेल्या स्त्रीचं. तिथे सगळा खेळ उजेड आणि अंधाराचा आहे. पण बोटांमधून झिरपणाऱ्या उजेडाला निदान पाच-सहा छटा लागतात, म्हणून ते पहिलं चित्र नव्हे. पहिल्यासाठी रेम्ब्राँटची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेली चित्रं, घ्यावीत. ती मुळातच रेघांनी बांधलेली आहेत, आणि आपलं टोकही रेघच ओढतं. कुठलंही चित्र घ्या, आधी मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. तिथे जे मिसळून गेलं ते लाकडावर सुटं होणार नाही. विकायचं असेल तर कायदाही पाहा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे अडचण नाही. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत परवानगीचा प्रश्न येतो.

‘आता लेझर यंत्र हे सगळं करतं, मग एवढी चिकित्सा कशाला?’ असा आक्षेप येतो. लेझरही लाकूड काळंच करतो, उजळ करत नाही. पाइनचे पट्टे त्यालाही अडवतात. यंत्राने मेहनत वाचते, निवड वाचत नाही.

हाताने काम करणाऱ्याला आणखी एक अडचण आहे, विजेची. साधं सोल्डरिंग आयर्न थेट विजेवर चालतं. शेतीपंप सुरू होऊन दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला की त्याची तापण्याची शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मग छटा फिकी येते, हात आपोआप रेंगाळतो, आणि दाब परत चढला की त्याच जागी डाग पडतो. उष्णता नियंत्रित करणारा पेन परवडत नसेल तर एक व्होल्टेज स्टॅबिलायझर लावावा, आणि चेहऱ्याचं काम पंप बंद असतात त्या वेळेसाठी ठेवावं. कपडे, फेटा, पार्श्वभूमी एरवी उरकता येते.