पीयूषिका ग्रंथीची गाठ व रुग्णाची शुश्रूषा

डोक्यात गाठ आहे असे कळले की घरात रडारड सुरू होते. आत्याच्या वेळी आमच्याकडे तेच झाले. पीयूषिका ग्रंथीच्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, हे तेव्हा आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, खोगिरासारख्या हाडाच्या खळग्यात ती असते. शरीराची वाढ, पाळी, अंगावरचे दूध यांवर तिच्या संप्रेरकांचा ताबा असतो. गाठ वर वाढली तर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांवर दाब येऊन दोन्ही कडांचे दिसणे कमी होते. आत्या दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि आम्ही तिला वेंधळी म्हणायचो! वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर हातपाय, जबडा मोठा होतो. अंगठी घट्ट होते, तरी रोज पाहणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही. १८८६ साली पिअर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी या विकाराला अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव दिले. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ मात्र बहुतेकदा गोळ्यांनीच आकसते.

आत्याची शस्त्रक्रिया नाकातून झाली. खरी शुश्रूषा त्यानंतरची. सिस्टरांनी माझ्या हाती वही दिली : पाणी किती प्यायली, लघवी किती झाली, मापून लिहायचे. मला आधी लाजच वाटली. परंतु ग्रंथीच्या मागच्या भागाला धक्का बसला तर पाणी राखणारे संप्रेरक कमी पडते. तहान भागत नाही, लघवी पाण्यासारखी वाहते आणि रक्तातले सोडियम वाढते. दुसऱ्या रात्री वहीतले आकडे एकाएकी चढले. सिस्टरांनी ते पाहून लगेच डॉक्टरांना बोलावले.

नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची, वाकायचे वा कुंथायचे नाही, उशी उंच ठेवायची. नाकातून वा घशात पाण्यासारखे, खारट गळू लागले तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो; त्या वाटेने जंतू आत शिरतात, म्हणून ताबडतोब सांगावे.

घरी आल्यावरही आठवडाभर सावध राहावे लागते, कारण सोडियम उलट घटूही शकते. डोके दुखणे, मळमळ, असंबद्ध बोलणे या त्याच्या खुणा. स्टिरॉइडची गोळी दिली असेल तर बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ताप किंवा उलट्या झाल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. आत्याला वाचता येत नाही. तिच्या सकाळच्या डबीवर मी उगवता सूर्य काढला आहे, दुपारच्या डबीवर माथ्यावरचा.