बटाट्याच्या पोटातला ऐब : शेतातला कोणता, गोदामातला कोणता?

कापडाचा तागा उलगडला की त्यातला ऐब ग्राहकाला दिसतो. बटाट्याचे तसे नाही. साल गुळगुळीत, आकार मोठा, वजन भरपूर. सुरी घातली की आत पोकळी नाहीतर काळा डाग! माझा धंदा कापडाचा, परंतु दुकानाशेजारी समोसे आणि वेफर्स तळणारे कारागीर बसतात. गोणी खराब निघाली की त्यांचा आडत्याशी होणारा वाद मी अनेकदा ऐकला आहे. आतले सगळे ऐब एकाच कारणाने होतात, असे समजून हा वाद होतो, आणि पुष्कळदा दोष भलत्याच्याच माथी बसतो.

पहिला प्रकार पोकळ बटाट्याचा. मधोमध चांदणीसारखी किंवा भिंगासारखी पोकळी असते व तिच्या कडा बदामी दिसतात. हा रोग नाही, कीडही नाही. बटाटे धरण्याच्या वेळी पिकाला पाण्याचा ताण बसला आणि मग एकदम भरपूर पाणी व नत्र मिळाले, की बटाटा झपाट्याने फुगतो. मधल्या गराला तो वेग झेपत नाही व तो फाटतो. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठार किंवा सातारा जिल्ह्यातील पुसेगावकडे खरिपाचा बटाटा पावसावर येतो. तेथे लांबलेल्या उघाडीनंतर जोराचा पाऊस झाला, तर हा धोका असतोच. रोपे विरळ असतील तरीही बटाटे अवास्तव मोठे होतात. वेफर्ससाठी लावल्या जाणाऱ्या अटलांटिक जातीत हा दोष विशेष आढळतो. म्हणजे हा ऐब शेतातच तयार झालेला असतो. आडत्याने तो निर्माण केलेला नाही. असा बटाटा खाण्यास अपायकारक नाही. कडा कापून समोशाच्या सारणात तो खुशाल चालतो. वेफर्सला मात्र निरुपयोगी, कारण चकतीला भोक पडते.

दुसरा प्रकार काळ्या पोटाचा. शास्त्रात त्याला ब्लॅक हार्ट म्हणतात. हा आपल्या जालन्याच्या व्यापाऱ्याने अधिक ध्यानात ठेवावा. बटाटा काढल्यानंतरही श्वास घेत असतो. उष्णता वाढली की त्याला हवा जास्त लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत ताडपत्रीने गच्च बांधलेला ट्रक उन्हात उभा राहिला किंवा पत्र्याच्या खोलीत गोण्यांची थप्पी भिंतीला टेकवून लावली, तर मधल्या गरापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि तो आतून काळानिळा पडतो. बाहेरून काहीच कळत नाही. येथे शेतकरी निर्दोष; जाब वाहतूकवाल्याला किंवा साठवणाऱ्याला विचारावा. तो साठवणारा कित्येकदा आपणच असतो!

वेफर्सवाल्यांची आणखी एक तक्रार असते: बटाटा आतून पांढराशुभ्र, पण तळल्यावर तांबडा होतो. हा वर सांगितलेल्यांपैकी कोणताच ऐब नव्हे. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते आणि ती तेलात करपते. म्हणून वेफर्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. खरेदीपूर्वी दोन चकत्या तळून पाहाव्यात.

माल उतरवण्याआधीच दोन-तीन गोण्यांतून वीसेक बटाटे कापून पाहावेत. पोकळी मोठ्यांत जास्त सापडते, म्हणून मोठे जरूर कापावेत. परंतु भाव तोडताना फक्त मोठ्यांचा हिशेब धरू नये, तो आडत्यावर अन्याय होईल. लहान-मोठे मिळून २० पैकी २ खराब निघाले, तर ५० किलोच्या गोणीत सुमारे ५ किलोंचा प्रश्न आहे, एवढ्यावर बोलणी करावी. आणि माल दुकानात आल्यावर गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत व हवेशीर जागी ठेवाव्यात. उन्हाळ्यात आठवड्याला पुरेल एवढाच माल भरावा.