दप्तर कोणी उचलावे?



शाळा सुटण्याच्या सुमारास एखाद्या प्राथमिक शाळेच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. घंटा होते, मुले धावत बाहेर येतात, आणि ताटकळत उभी असलेली आई, आजोबा अथवा घरचे दुसरे कोणी सर्वांत आधी कोणते काम करतात? मुलाच्या खांद्यावरचे दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतात. त्यात प्रेम आहे, यात शंका नाही. पहिलीतल्या दमलेल्या लेकराचे दप्तर कोणीही घ्यावे. पण तेच मूल चौथीत जाते, मैदानावर तासभर न थकता पळते, आणि तरीही फाटकाबाहेर येताच सवयीने खांदा पुढे करते, तेव्हा आपण नेमके काय करीत आहोत हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दप्तर खरोखरच जड असेल तर गोष्ट वेगळी. केंद्र सरकारच्या २०२०च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. तिसरी ते पाचवीसाठी ते साधारण १.७ ते २.५ किलो सांगितले आहे. त्याहून जास्त असेल तर तक्रार शाळेकडे करावी. मुलाचा खांदा रिकामा करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्राथमिक शाळेतील वर्षांचे टप्पे आपण बहुधा गुणपत्रिकेवरून मोजतो. परंतु या वयातले कितीतरी टप्पे कोणत्याही कागदावर उमटत नाहीत. एक साधे उदाहरण घ्या. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाचा दात पडला की घरात केवढे कौतुक होते! पण त्याच सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही, म्हणून ती आलेली पुष्कळांना कळतच नाही. कळली तरी तीही दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते आणि किडते. स्वतः डबा उघडणे, बुटाची नाडी बांधणे, शिक्षकांना न घाबरता लघवीला जाऊ का म्हणून विचारणे, घड्याळ पाहणे, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणणे, पेन्सिल सोडून पेन हाती धरणे, हे टप्पेही या दाढेसारखेच न सांगता येतात.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील हन्ना आपणा सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षी ती एक लहानसा झगा शिवून शिलो येथे मुलाकडे नेत असे. ज्या भगिनी घरी कपडे शिवतात त्यांना यातील अडचण चटकन कळेल. मूल जवळ नाही. माप गेल्या वर्षीचे, आणि अंगावर बसायला हवे या वर्षीच्या. आपली मुले तर रोज डोळ्यांसमोर असतात, आणि तरी आपण त्यांना दोन वर्षांपूर्वीच्या मापाने वागवतो.

मग हात केव्हा आणि किती सोडावा? लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाचा विचार येथे उपयोगी पडतो. मुलाला एकट्याने जमते असे काही असते, मदत करूनही जमत नाही असे काही असते. या दोहोंच्या मध्ये, कोणी सोबत असले तर जमते असा एक पट्टा असतो. शिकणे घडते ते या पट्ट्यात. पुढे १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मोठ्यांची मदत कशी असते याचा अभ्यास केला आणि तिला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. उपमा चांगली आहे. परांचीवाचून भिंत चढत नाही. पण गिलावा झाल्यावरही गवंडी ती काढत नसेल तर घरात राहायला कोण जाईल?

दप्तर भरण्याचेच पाहा. पहिलीत आपण भरावे आणि मुलाने शेजारी बसून पाहावे. काही महिन्यांनी आपण वेळापत्रक वाचावे, वह्या त्याने काढाव्यात. दुसरीत वेळापत्रकही त्यानेच वाचावे; आपण फक्त शेवटी एक नजर टाकावी. तिसरीत ती नजरही बंद करावी. हे लिहिणे सोपे आहे. कारण मग तो दिवस उजाडतोच, ज्या दिवशी चित्रकलेची वही घरच्या टेबलावर राहते, आणि ती साडेदहा वाजता आपल्याला दिसते! खरी परीक्षा येथे आईवडिलांची असते. धावत जाऊन वही पोहोचवावी का? माझे मत असे की परीक्षेची पाटी-पट्टी असेल तर पोहोचवावी, चित्रकलेची वही मात्र राहू द्यावी. मात्र संध्याकाळी टोमणा मारू नये. “सांगितलं होतं ना!” हे वाक्य ओठांवर आले तरी गिळावे. राहिलेल्या वहीने जे शिकवायचे ते शिकवून झालेले असते; आपण त्यात भर घातली की मूल वहीऐवजी आपल्यावर रागावते.

येथे शाळेचाही वाटा आहे. विसरलेल्या वहीसाठी जेथे मुलाला मारतात अथवा वर्गासमोर अपमानित करतात, तेथे पालकांनी धावत जाण्यावाचून इलाज उरत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली आहे. भीतीपोटी मूल स्वावलंबी होत नाही, लपवाछपवी तेवढी शिकते. म्हणून वर्गशिक्षकांना आधीच भेटून, यंदा दप्तर मुलगी स्वतः भरणार आहे, काही दिवस चुका होतील, असे सांगून ठेवावे. चांगले शिक्षक याने आनंदतात.

सर्वच बाबतींत मात्र एकाच वेगाने हात सोडता येत नाही. सात वर्षांचे मूल दप्तर भरू शकते, पण रहदारीचा रस्ता एकटे ओलांडू शकत नाही. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा एकत्र अंदाज घेणे नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना नीट जमत नाही; शिवाय उभ्या गाडीआडून ती चालकाला दिसतही नाहीत. म्हणून काही आठवडे मुलाने पुढे चालावे, कोठे थांबायचे आणि केव्हा निघायचे हे त्याने सांगावे, आणि आपण एक पाऊल मागे राहावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते, भांडी घासते, पाणी भरते, आणि आपण कौतुकाने म्हणतो, “किती समजूतदार!” तिचा दहा वर्षांचा भाऊ मात्र जेवलेले ताट तेथेच ठेवून उठतो. तिला मिळाले ते स्वावलंबन नव्हे, मोठ्यांचे काम आहे. आणि त्याला मिळाले ते लाड नव्हेत, पांगळेपण आहे. आपल्या मंडळीतील घरेही याला अपवाद नाहीत. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. मोठी बहीण धाकट्याला सांभाळी म्हणून शाळेत येईना, भाऊ गुरे राखी म्हणून येईना. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, आणि गुराख्यांसाठी गुरे चरत तेथेच कुरणशाळा भरवली. त्या मुलांना स्वावलंबन कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या डोक्यावरचे ओझे थोडे उतरवून घेण्याची होती. तेव्हा आपल्या घरात कोणाचे दप्तर उतरवायचे आणि कोणाच्या खांद्यावर द्यायचे, हे प्रत्येक मुलाकडे वेगळे पाहून ठरवावे लागते.

काही मुलांना, योग्य वेळ देऊनही, हे टप्पे जमत नाहीत. दुसरी संपत आली तरी साधे शब्द वाचता येत नसतील, अक्षरे सारखी उलटसुलट होत असतील, तर आळशी म्हणून शिक्का मारण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि ते ठीक असतील तर वाचनातील अडचणींच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा.

शेवटी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी एक टप्पा सुचवतो. इंदूर, बडोदे, बंगळूर येथील आपली मुले शाळेत दुसऱ्या भाषेतून शिकतात आणि मराठी घरी ऐकतात. हिंदी शिकणाऱ्या मुलाला लिपी ओळखीची असते, तरी ‘ळ’ पाशी ते अडखळते. गुजराती शिकणारे अक्षरांवर रेघ द्यायला विसरते. अशा मुलाला चौथी-पाचवीत गावाकडच्या आजीला एक पत्र स्वतः लिहू द्या. काय लिहावे ते सांगू नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील, त्या राहू द्या. आजीला त्या वाचता येतील. पाकिटावरचा सहा आकडी पिनकोड मात्र एकदा तपासून घ्या, आणि पेटीत पत्र टाकायला मुलाचा हात पोहोचत नसेल तर त्याला उचलून धरा.