डिझेल इंजिनातील दट्ट्या आणि नळी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला की ते पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ मधील इंजिनाला या फवाऱ्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड संच लागे. १९२७ साली बॉश कारखान्यात इंधन-पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि लहान, वेगवान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

या पंपाचे सारे मर्म दट्ट्या व त्याची नळी यांमधील फटीत आहे. ती अवघी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. येथे गळती रोखणारे कडे नसते. फटीची सूक्ष्मताच ते काम करते आणि झिरपणारे डिझेल वंगण ठरते. म्हणूनच दट्ट्या व नळी एकमेकांशी जुळवून जोडीनेच बसवितात. एका जोडीतील दट्ट्या दुसरीत घालणे ही काटकसर नव्हे.

शेतावरील इंजिनात न गाळलेले डिझेल ओतले की धुळीचे कण याच फटीत ओरखडे पाडतात. दाब उतरतो, फवाऱ्याऐवजी थेंब गळतात, काळा धूर येतो. दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

फवारा तपासताना नोझलसमोर हात धरण्याची सवय तर घातकच. शेकडो वातावरणांच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी रुग्णाला विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.