एकट्याचा प्रवास, मोजका पैसा आणि प्रवासवर्णनाची भाषा

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची ओळख आपण मागील उपघटकात करून घेतली. येथे एकाच मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : प्रवासी एकटा असेल आणि त्याच्याजवळ पैसा मोजका असेल, तर त्याच्या निवेदनाच्या भाषेत काय बदलते? उदाहरणे युरोपातील शहरांची घेतली आहेत; कारण या प्रदेशाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे.

प्रथम सर्वनामे पाहू. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) सुनीताबाई सोबत असल्याने ‘आम्ही’ला घरगुती अर्थ येतो. सहलकंपनीबरोबर जाऊन लिहिलेल्या वर्णनातील ‘आम्ही’ मात्र जथ्याचे असते : बस थांबते, आम्ही उतरतो, आम्ही पाहतो. माहितीपुस्तिका ‘आपण’ वापरते. मीना प्रभू यांच्यासारख्या एकट्याने हिंडणाऱ्या लेखिकेला ‘मी’वाचून गत्यंतर नसते, पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्या ‘मी’वर येते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा विभक्तीचा आहे. पुढील दोन वाक्यांची तुलना करा : ‘आम्ही रोम पाहिले’ आणि ‘मला रस्ता सापडेना’. पहिल्या वाक्यात प्रवासी कर्ता आहे. दुसऱ्यात तो अनुभव घेणारा आहे. म्हणून ‘मी’ऐवजी ‘मला’ आले. भूक लागणे, थंडी वाजणे, भाषा न समजणे, न परवडणे ही सर्व क्रियापदे मराठीत ‘मला’ मागतात. एकट्या, काटकसरी प्रवाशाचे दिवस अशाच क्रियापदांनी भरलेले असतात. त्यांत ‘सापडेना’, ‘उघडेना’, ‘कळेना’ या रूपांची भर पडते. ‘सापडला नाही’ हा निकाल आहे. ‘सापडेना’मध्ये शोध अजून चालू आहे. मध्यरात्री अनोळखी शहरात बसमधून उतरलेल्या माणसासाठी याहून नेमके रूप मला तरी ठाऊक नाही.

अशा प्रवाशाचा हिशेब घर सोडण्यापूर्वीच सुरू होतो. शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. तेथे पोहोचल्यावर निवासाचा प्रश्न येतो. रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांनी पायी सहलीला निघालेल्या मुलांसाठी आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ मध्ये पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू केले. आज हॉस्टेलच्या एका खोलीत सहा-आठ खाटा असतात, स्वयंपाकघर सामाईक असते. रात्रीच्या बसने प्रवास केला की एका रात्रीचे भाडे वाचते. रोमच्या रस्त्यांवरील ‘नासोनी’ नावाच्या नळांचे पाणी फुकट मिळते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही.

या तपशिलांची केवळ यादी दिली, तर ती माहितीपुस्तिका होईल. साहित्याच्या दृष्टीने त्यांचे मोल वेगळे आहे. पैसा असला की वाहन दारात येते आणि कोणाशी बोलण्याची गरज पडत नाही. तो नसला की विचारावे लागते : हे तिकीट चालेल का, ही चूल कशी पेटवायची, शेवटची गाडी केव्हा आहे. त्या विचारण्यातून संवाद येतात, संवादांतून माणसे येतात. पुष्कळ मराठी प्रवासवर्णनांत इमारती भरपूर आणि माणसे तुरळक दिसतात. त्याचे एक कारण मला या सोयीत दिसते.

किमतीचे रूपांतर हाही लक्षात घेण्याजोगा विशेष आहे. चार युरोंची कॉफी पिताना प्रवासी मनातल्या मनात रुपये करतो. कर्जतचा असेल तर त्या रुपयांचे दूध किती लिटर होईल, नाहीतर एसटीने अहिल्यानगरला किती खेपा होतील, हेही मोजतो. ही तुलना म्हणजे एक प्रकारची उपमाच होय. उपमेय परके, उपमान घरचे. ती एकदा आली तर लेखकाचे गाव उजेडात येते. दहाव्यांदा आली की वाचक कंटाळतो.

ही परंपरा युरोपच्या ओढीतून जन्मलेली नाही. धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस गोव्यातील घर सोडून ज्ञानाच्या शोधात निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहल असा त्यांचा प्रवास ‘निवेदना’त (१९२४) आहे. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. कमी पैशांत, एकट्याने केलेल्या प्रवासाचे गद्य अभ्यासायचे असेल, तर कोणत्याही युरोपवर्णनाआधी हा ग्रंथ वाचावा, असे माझे मत आहे.

स्वाध्याय : कर्जत, राशीन, सिद्धटेक किंवा आपल्या परिसरातील अन्य ठिकाणी एकट्याने, एसटीने किंवा पायी जाऊन यावे. झालेला खर्च लिहून ठेवावा. त्यानंतर ३०० शब्दांचे प्रवासवर्णन लिहावे. त्यातील ‘मी’ आणि ‘मला’ यांखाली रेघ मारावी, दोन्ही मोजावेत आणि प्रत्येक ‘मला’च्या जागी ‘मी’ घालून वाक्य पुन्हा रचता येते का, ते तपासावे. जेथे रचता येत नाही, ती वाक्ये संपर्कसत्रात वाचण्यासाठी आणावीत.