अपग्रेड फसलं? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी खर्चाचा हिशेब मांडा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले आणि घरोघरचे जुने लॅपटॉप विंडोज ११ वर नेण्याची घाई सुरू झाली. पुष्कळांचं काम बिनबोभाट होतं. काहींचा लॅपटॉप मात्र मध्येच अडकतो. टक्केवारी हलत नाही, निळा पडदा येतो किंवा मशीन सारखं रीस्टार्ट होत राहतं. दुकानात नेलं की हमखास उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ अपग्रेड फसलं म्हणून लॅपटॉप बिघडला असं नसतं. बरीच दुरुस्ती फुकट होते, आणि फॉरमॅट हा त्यातला शेवटचा उपाय आहे.

आधी हे करा : खर्च शून्य

चार्जर लावून ठेवा. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर अपग्रेडला कित्येक तास लागू शकतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटण दाबून लॅपटॉप बंद करू नका. अपग्रेड फसलं तर विंडोज बहुधा आपणच जुन्या आवृत्तीवर परत येते आणि एक एरर कोड दाखवते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पुढचा खर्च तोच कोड ठरवतो.

कोडमध्ये ८००७००७० असेल तर सी ड्राइव्हमध्ये जागा कमी आहे. नको असलेल्या फायली काढून २५ ते ३० जीबी मोकळे करा आणि पुन्हा प्रयत्न करा. सी१९००१०१ हा आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरची अडचण सांगतो. प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क काढा, वेगळा घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढून टाका आणि लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करा. सी१९००२०० किंवा सी१९००२०२ आला तर लॅपटॉप किमान अटींत बसत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टीपीएम असूनही तो बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसता बंद असतो, असंही होतं. तो चालू करायला कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर

सुरू होताना मध्येच दोन-तीनदा बंद केला की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहा. नाही जमलं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचं फीचर अपडेट काढा. विंडोज ११ सुरू होते पण नीट चालत नाही, अशा वेळी सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून १० दिवसांच्या आत विंडोज १० वर परत जाता येतं. ‘रीसेट’ करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर वैयक्तिक फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. टॅली किंवा डीटीपीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यांचे लायसन्स आणि डेटाचं फोल्डर आधी शोधून ठेवावं.

या टप्प्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. दुसऱ्या उपकरणावरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरलं की उपकरणांच्या यादीत ती बहुधा सापडते. ती कुठेच नसेल, तर पैसे घेऊन डेटा उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुकानाचे दर

पुढचे आकडे ढोबळ आहेत. गाव आणि दुकान यांप्रमाणे ते कमीजास्त होतात.

• विंडोज नव्याने टाकणे : ५०० ते १,००० रुपये. हेच काम घरी करायचं तर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह (३०० ते ५०० रुपये) आणि दुसरा चालू संगणक पुरतो. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल मोफत आहे.
• डेटा काढून देणे : ५०० ते १,५०० रुपये. डिस्क धडधाकट असेल आणि बिटलॉकरने कुलूपबंद नसेल तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून फायली उतरवता येतात, हे काम घरीही होतं.
• एसएसडी किंवा बाहेरची हार्डडिस्क : भाव सतत हलतात. त्या दिवशीचा ऑनलाइन भाव पाहूनच दुकानदाराचा दर मान्य करा.
• कंपनीचं सेवा केंद्र : वॉरंटी बहुधा सुट्या भागांपुरती असते, सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे पडतात. तपासणी शुल्क आधी विचारा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.
• डेटा रिकव्हरी लॅब : डिस्कच मेली असेल तरच. खर्च काही हजारांपासून मोठ्या पाच आकडी रकमेपर्यंत जातो.

लायसन्सचे पैसे दुसऱ्यांदा देऊ नका

विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेट असेल तर विंडोज ११ चं अपग्रेड मोफत आहे. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, म्हणून फॉरमॅटनंतरही ते टिकतं. अट एकच, ‘होम’ किंवा ‘प्रो’ हा प्रकार तोच हवा. लॅपटॉपला ‘होम’चं लायसन्स असताना दुकानदाराने ‘प्रो’ टाकलं तर ते ॲक्टिव्हेट होत नाही, आणि मग क्रॅक केलेली प्रत गळ्यात पडते. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल आणि तुमच्या खात्याला जोडलेलं असेल, तर तेही त्याच खात्यातून पुन्हा मोफत उतरवता येतं.

लॅपटॉप दुकानात देताना

पावतीवर अनुक्रमांक, रॅम आणि डिस्कची क्षमता लिहून घ्या. ‘डेटाची प्रत काढल्याशिवाय व विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्यही लिहून घ्या. डेटा, विंडोज आणि सुटे भाग यांचे दर वेगवेगळे मांडलेलं पक्कं बिल मागा. सेवेत कसूर झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पडद्यावर ‘या नंबरवर फोन करा’ असा इशारा आला तर ती फसवणूक समजा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर नसतो. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

लॅपटॉप अटींत बसतच नसेल तर जबरदस्तीच्या इन्स्टॉलेशनवर पैसे घालवू नका. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ते मोफत, नाहीतर ३० डॉलर. त्यानंतरही मशीन चालवायचं असेल तर लिनक्स आहे, तोही फुकट.

अपग्रेडचं बटण दाबण्याआधी मात्र दोन कामं आजच उरका. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि बिटलॉकरची ती ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा. विंडोज कितीही वेळा टाकता येते, गेलेला डेटा मात्र पैसे मोजूनही परत येईलच असं नाही.